पाण्यावरून चालणारी बाई

पौडच्या पेठेत, एस.टी. थांब्याच्या अंगाला, नबीलाल शिकलगाराचं दुकान होतं. स्टो, कंदील, छत्री, विजेरी, ज्याचं जे बिघडेल ते तो मांडीवर घेऊन बसायचा आणि चालतं करून द्यायचा. पण मुळशीच्या गावागावांत त्याचं नाव झालं होतं ते दुरुस्तीमुळे नव्हे. दिवाळी झाली की पौडच्या माळावर आबांचा सिनेमाचा तंबू उभा राहायचा, तो थेट पावसाच्या तोंडापर्यंत. त्या तंबूत इंग्रजी चित्रपट लागला की माइक नबीलालच्या हातात असायचा.

आबांना पुण्याहून जुने परदेशी चित्रपट सहज मिळायचे. मारामारीचे, जंगलाचे, भुताखेतांचे. लोक ते आवडीने बघायचे, फक्त पडद्यावरची माणसं काय बोलतात ते कळायचं नाही. म्हणून सांगणारा लागायचा. नबीलाल तरुणपणी पुण्याला, कॅम्पातल्या एका थेटरात दारावर होता. तिथे अंधारात उभ्या उभ्या त्याने गोऱ्यांचे कितीतरी चित्रपट पाहिले होते. त्यामुळे त्याला इंग्रजी येतं असं सगळे धरूनच चालले होते, आणि त्यानेही कधी कुणाला तसं नाही म्हटलं नव्हतं. खरं तर ‘कम हिअर’, ‘शटाप’ आणि ‘थँक्यू’च्या पुढे त्याची गाडी जात नव्हती. तो पडद्यावरचे चेहरे बघायचा, हातवारे बघायचा, आणि मनाने गोष्ट रचत जायचा. वर ओळखीची नावं पेरायचा. पडद्यावर पोट सुटलेला फौजदार आला की म्हणायचा, हे बघा आपले कोंडिबा. कोंडिबाचं चहाचं हॉटेल नबीलालच्या दुकानाशेजारीच होतं, आणि तंबूत सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. बाया पदर तोंडाला लावायच्या. एवढी माणसं आपल्या शब्दावर हसतात, आपल्या शब्दावर श्वास धरतात, हे नबीलालला फार गोड लागायचं.

एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात आबांनी एक काळापांढरा भुताचा चित्रपट आणला. बराच जुना असावा, मधूनमधून पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा यायच्या. कुठल्यातरी धुक्याच्या मुलखातली गोष्ट होती. तळ्याकाठी दगडी बंगला. तिथे एक कुटुंब राहायला येतं, नवरा, बायको आणि शाळकरी मुलगी. वरच्या मजल्यावर कुणी नसताना पावलं वाजतात, कुत्रं उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही, मुलगी झोपेत उठून तळ्याकडे चालू लागते. त्या बंगल्यात पहिल्यापासून कामाला असलेली एक म्हातारी बाई असते. अंगात काळे कपडे, कमरेला किल्ल्या. रोज तिन्हीसांजेला ती कंदील घेऊन बंगल्यातून निघते आणि तळ्याकडे जाते.

ती बाई फाटकात कंदील घेऊन उभी राहिली तेव्हा नबीलालच्या तोंडातून सहज निघून गेलं, “ही बघा आपली कासार आंबोलीच्या बंगल्यावरची केशरबाई.”

तंबू हसून लोळला. कारण केशरबाईला सगळे ओळखत होते. ती मूळची मुठा खोऱ्यातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी घरात ठेवलं नाही. पुण्याच्या एका शेटजींनी आंबोलीला बंगला बांधला, त्याची राखण तिच्याकडे दिली. शेटजी वर्षातून दोनचार वेळा यायचे, बाकी बंगल्यात ती एकटीच. मागच्या गोठ्यात तिच्या दोन म्हशी होत्या. दिवेलागणीला ती कंदील घेऊन बंधाऱ्याकडे जायची, म्हशी हाकत आणायची. सकाळी डोक्यावर दुधाची किटली घेऊन आंबोलीत आणि पौडात घरोघर दूध घालायची. नबीलालच्या घरीही तिचंच दूध यायचं.

इथवर ती थट्टाच होती, आणि थट्टाच राहिली असती. पण चित्रपट पुढे सरकला. तंबूतलं हसू बंद झालं. शेवटाकडे ती मुलगी रात्री झोपेत तळ्यावर चालत गेली आणि मागून ती बाई कंदील घेऊन धावली. दोघी पाण्यावरून चालत होत्या. खाली पाणी, वर पाय. नबीलालने असं काही बापजन्मात पाहिलं नव्हतं.  मग त्याने आवाज खाली आणला आणि माइकला ओठ लावून तो म्हणाला, “निघाली. केशरबाई पाण्यावरनं निघाली. पोर हाताला लागली की संपलं.”

या वेळी कुणी हसलं नाही. बायांच्या बाजूला एक मूल रडायला लागलं, त्याला आईने छातीशी धरलं. नबीलालच्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरंही वाटलं. एवढा तंबू त्याने कधी मुठीत धरला नव्हता. पडद्यावर झटापट झाली, बाई पाण्यात गेली, मुलगी काठाला लागली. चेटकीण बुडाली असं नबीलालने सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चित्रपट तीन आठवडे चालला. रोज पहिल्या खेळाला गर्दी. उरवड्याच्या कारखान्यातली पोरं पाळी सुटली की सायकलींवर यायची. आंबोलीची माणसं बैलगाड्या जुंपून आली. आणि रोज लोक वाट बघायचे ती केशरबाईची. आबांनी स्वतःच सांगितलं होतं, ते नाव सोडू नको. नबीलालने सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी हसिनाने नवऱ्यापुढे बिनदुधाचा चहा ठेवला. दूध का नाही, असं त्याने विचारलं. केशरबाई आली नाही, असं ती म्हणाली. आंबोलीतल्या घरांनी तिचं दूध बंद केलं होतं, आणि पौडातल्या बायाही दार उघडेनाशा झाल्या होत्या. तिला वाटेत पोरं ‘पाण्यावरची’ म्हणून हाका मारत होती. हसिना तंबूत कधी जात नसे. तिला हे सगळं नळावर कळलं होतं.

“तुमी तिचं नाव घेतलं व्हतं?” तिने विचारलं.

चेष्टेत घेतलं, असं तो म्हणाला.  चहा कपात तसाच राहिला.

गोष्ट तिथे थांबली नाही. आंबोलीत साळूबाईची नात जुलाबाने बेजार झाली. तान्हं पोर, उन्हाळ्याचे दिवस, तशी बरीच मुलं आजारी होती. पण साळूबाईच्या घरी केशरबाईचं दूध जात असे. कुणीतरी म्हणालं, हिला मूल नाही, दुसऱ्याचं बघवत नाही. दुसरा म्हणाला, बंधाऱ्यावर तिचा कंदील पाण्याच्या मधोमध दिसला. त्याच आठवड्यात बंगल्याच्या पत्र्यावर दगड आले. एक दगड केशरबाईच्या कपाळाला लागला. कोंडिबा हे सगळं चहा ओतता ओतता रंगवून सांगत होता, आणि शेवटी नबीलालच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तुझ्या सिनेमानं आंबोली हलवली बघ. नबीलालच्या हातात कुणाच्यातरी स्टोची पिन होती. ती खाली पडली ती त्याला सापडेना.

त्या संध्याकाळी दुकानावर हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर विजेरी दाखवायला आले. तरुण माणूस, स्वभावाने मवाळ. त्यांनीही तो चित्रपट पाहिला होता. नबीलालने धीर करून विचारलं, गोष्ट त्यांना कशी वाटली. मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, तुम्ही सांगता छान, पण गोष्ट तशी नाही. ती स्कॉटलंडची आहे. तिथे थंडीत तळी गोठतात, वर बर्फाचा जाड थर धरतो, त्यावरून माणसं चालतात. बंगल्याचा मेलेला मालक त्या मुलीला तळ्यात ओढत असतो. ती म्हातारी रोज कंदील घेऊन जाते ती बर्फ कुठे पातळ झालाय ते बघायला. शेवटी बर्फ फुटतो तेव्हा ती मुलीला काठावर ढकलते आणि स्वतः बुडते.

“म्हंजे पोर तिनं वाचवली,” नबीलाल म्हणाला.

“तिनंच वाचवली,” मास्तर म्हणाले. “अख्ख्या बंगल्यात तेवढी एकच चांगली होती.”

बर्फ नबीलालला माहीत होता. जत्रेत गोळेवाल्याकडचा, भुशात गुंडाळलेला. आख्खं तळं तसं होतं हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मास्तर गेले तरी तो विजेरी हातात धरून तसाच बसला होता.  आपल्याला इंग्रजी येत नाही हे मास्तरांना पहिल्याच दिवशी कळलं असणार, आणि तरी ते काही बोलले नव्हते, याचीही त्याला लाज वाटली. पण त्याहून मोठी लाज दुसरीच होती. चांगल्या बाईला आपण चेटकीण केलं. एकीला नव्हे, दोघींना.

दुसऱ्या दिवशी चित्रपटाचा शेवटचा खेळ होता. नबीलालने ठरवलं, आज खरं सांगायचं. बाई फाटकात आली तेव्हा त्याने नाव घेतलं नाही. लोकांनीच ओरडून घेतलं. तो म्हणाला, ही केशरबाई नव्हे, ही भली बाई आहे, पोरीला जपणारी. तंबूत गलका झाला. कुणी म्हणालं, आज नबीभाईची तब्येत बरी नाही वाटतं. तळ्याचा भाग आला तेव्हा तो सांगू लागला की हे पाणी नाही, बर्फ आहे, त्या देशात असं होतं. एवढा बर्फ कुठे असतो काय, म्हणून लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. आबांनी येऊन माइक त्याच्या हातातून काढून घेतला आणि शेवट स्वतः सांगितला. चेटकीण बुडाली. टाळ्या पडल्या.

सकाळी नबीलाल सायकल घेऊन आंबोलीला गेला. बंगल्याच्या फाटकाला आतून साखळी होती. केशरबाई गोठ्याच्या दारात बसली होती, कपाळाला हळदीची पट्टी. शेजारी दुधाने भरलेली किटली, आणि त्यातलं दूध ती एका कुत्र्याला घालत होती. तिने त्याला ओळखलं, पण साखळी काढायला ती लगेच उठली नाही.

मग तिने साखळी काढली आणि तो आत आला. तंबूत तासन् तास बोलणारा माणूस गोठ्याच्या चिखलात पायाच्या अंगठ्याने रेघा ओढत उभा राहिला. शेवटी तीच बोलली.

“तुमी माझं दूध किती वरसं घेताय, नबीभाऊ?”

“लई वरसं झाली, मावशी.”

“काय सापडलं त्यात?”

 मग तिने विचारलं, त्या सिनेमात ती बाई करते तरी काय. आपल्या नावानं लोक दगड मारतात, ते कशापायी, एवढं तरी कळू दे. तो सिनेमा मला दाखवा, असं ती म्हणाली. पण रिळांच्या पेट्या सकाळच्याच एस.टी.ने पुण्याला परत गेल्या होत्या. म्हणून तो तिथेच, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला आणि तिला गोष्ट सांगू लागला. माइक नाही, पडदा नाही, ऐकणारी एकटी ती. मास्तरांनी सांगितली तशी त्याने ती सांगितली, आपल्या पदरचं काही न घालता. बर्फाचं तळं कसं असतं ते तिने दोनदा विचारून घेतलं. तिने मात्र ते खोटं मानलं नाही.

“पोर वाचलं का?”

“वाचलं.”

“आन बाई?”

“ती गेली.”

केशरबाई थोडा वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “हे लोकांस्नी कोन सांगनार?”

काल माइकवर सांगायला गेलो, कुणी ऐकलं नाही, असं तो म्हणाला.

“खोटं माइकवर चाललं. खरं तसं चालत न्हाई, भाऊ. ते दारोदार जाऊन सांगावं लागतंय.”

ती रागाने बोलली नव्हती. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर नबीलालने ते सोडून दिलं असतं. तिच्या कपाळाच्या पट्टीकडे बघून त्याला ते सोडता आलं नाही. त्याने उरलेल्या दुधाची किटली सायकलला अडकवली आणि तो निघाला.

पहिलं दार साळूबाईचं. नात आता बरी होती, ओसरीवर रांगत होती. तरी किटली बघताच साळूबाई आत गेली आणि तिचा नवरा गेणबा बाहेर आला. नबीलाल म्हणाला, “गेणबा, मला इंग्रजी येत न्हाई. कधीच येत नव्हतं. त्या सिनेमातलं मी मनचंच सांगितलं. केशरमावशीचं नाव मी घेतलं, तिचा त्यात काय संबंध न्हाई.”

 गेणबा म्हणाला, आम्ही तुझ्या भरवशावर बसून बघत होतो. नबीलालने आशा धरली होती शिव्यांची. शिव्या सोप्या गेल्या असत्या. गेणबाने दूध घेतलं नाही, पण दारही लावलं नाही.

असं तो रोज जाऊ लागला. सकाळी लवकर आंबोलीला, तिथून किटली घेऊन घरोघर, मग पौडला दुकानावर. प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणावं लागायचं, मला इंग्रजी येत नाही. एका दारात म्हटलेलं दुसऱ्या दारात हलकं होत नव्हतं. काही घरी हसले. एका घरातल्या म्हातारीने विचारलं, मग तो वाघाचा सिनेमा, तोही खोटाच का. तोही, असं त्याने सांगितलं, आणि ती बिचारी हिरमुसली, कारण तो वाघ तिला फार आवडला होता. कोंडिबाने आठ दिवस त्याची टर उडवली. गिऱ्हाइकांसमोर त्याला ‘साहेब’ म्हणायचा आणि ‘थँक्यू’ म्हणून चहा पुढे करायचा. नबीलाल तो चहा मुकाट प्यायचा. आबांनी त्याला तंबूवर येऊ नको म्हणून निरोप धाडला. त्याची गरज नव्हती, तो जाणारच नव्हता.

पाऊस लागला, तंबू उतरला. घाटाकडून वारा उलटा यायचा, सायकल पुढे जायची नाही, इरलं उडून जायचं. दूध घेणारी घरं हाताच्या बोटांवर होती. उरलेलं दूध हसिना घरात घ्यायची. तिने त्याला कधी बोल लावला नाही, पण पूर्वीसारखी ती त्याच्याशी हसतही नव्हती. रात्री जेवताना ती एवढंच विचारायची, आज कुणी घेतलं. तो नावं सांगायचा. ती मान हलवायची.

त्या साली ईद श्रावणाच्या तोंडावर आली. दर ईदला त्यांच्याकडे शिरखुर्म्याला आळीतली सगळी घरं यायची, कोंडिबापासून हायस्कूलच्या मास्तरांपर्यंत. श्रावण असला तरी शिरखुर्म्याला कुणाची आडकाठी नव्हती. या वेळी हसिनाने केशरबाईचं सगळं दूध आटवायला घेतलं. नबीलाल घाबरला. लोक खातील आणि मागाहून त्यांना कळलं तर आणखी बोभाटा होईल, असं तो म्हणाला.

“मागाहून कशाला कळंल,” ती म्हणाली. “मी आदी सांगनार हाय.”

आणि तिने तसंच केलं. दारात उभी राहून ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, दूध केशरबाईचं हाय, जमत असंल तर बसा. कुणी उंबऱ्यावरून परत गेलं. कुणी ईदच्या शुभेच्छा दिल्या आणि पोट बिघडल्याचं सांगितलं. नबीलाल आत वाट्या मांडून बसला होता आणि रिकाम्या सतरंजीकडे बघत होता. सणाच्या दिवशी बायको आपलं पाप दारात उभी राहून निस्तरते आहे, हे त्याला सोसवेना. तो उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मास्तर आले, बसले, वाटी संपवून आणखी मागितली. मग बराच वेळ कुणी नाही. मग रस्त्यावरून गेणबा आला, खांद्यावर पोतं पांघरलेला, मागे साळूबाई, तिच्या कडेवर नात. आंबोलीहून पावसात चालत आले होते. हसिनाने त्यांनाही सांगितलं. गेणबा म्हणाला, ठावं हाय.  साळूबाई सतरंजीवर बसली, वाटी घेतली, बोटाने थोडा खुर्मा आधी नातीच्या ओठाला लावला आणि मग स्वतः खाल्ला. ते बघायला दारातून कोंडिबाने डोकं आत घातलं. तिथेच थोडा उभा राहिला, आणि मग चपला काढून आत आला.

त्यानंतर आंबोलीतली घरं एकेक करून परत आली. सगळी नाही आली. पोरांनी पाडलेलं नाव काही गेलं नाही, त्यातली काही पोरं पुढे बाप झाली तरी ते वापरत होती. पत्र्यावर दगड मात्र पुन्हा पडले नाहीत. दसऱ्यानंतर केशरबाई स्वतः किटली घेऊन निघू लागली, तरी पौडच्या बाजूचं दूध नबीलालच नेत राहिला. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही, आणि त्यानेही ते कधी मागितलं नाही.

पुढे काही वर्षांनी शेटजींनी बंगला विकला. मुठ्याहून केशरबाईचा पुतण्या तिला न्यायला टेम्पो घेऊन आला. एक म्हैस टेम्पोत चढेना, फळीवरून मागे सरायची. नबीलाल तिला पुढून दाव्याने धरून, कानाशी काहीबाही बोलत, हळूहळू वर घेऊन गेला. पुतण्याने काकूला विचारलं, हे कोण.

“पौडचे नबीभाऊ,” ती म्हणाली. “आपलं दूध घालत्यात.”

एवढं बोलून ती पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. टेम्पो पिरंगुटच्या अंगाला वळेपर्यंत नबीलाल फाटकापाशी उभा होता. तिने ते कौतुकाने म्हटलं की नुसती ओळख करून दिली, हे त्याला उमगलं नाही. घरी आल्यावर त्याने ते हसिनाला जसंच्या तसं सांगितलं. हसिना म्हणाली, ती जसं म्हणाली तसं ठेवा, त्यात आपल्या मनाचं काही घालू नका.